सहा फूट पुढे, सहा फूट मागे

चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर बिघडते. हे मी कुठं वाचलेलं नाही. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वर्कशॉपात माझी सगळी नोकरी गेली, तिथं हाताला कळलेली ही गोष्ट आहे. गळीत हंगाम चालू असतो तेव्हा यंत्रं कुरकुरत का होईना, चालतात. हंगाम संपला, बॉयलर थंड झाला, की खरा घात सुरू होतो. गंज चढतो, रबर कडक होतं, जिथं तिथं ओल धरते. म्हणून ऑफ सीझनला आम्हाला सुट्टी नसायची. रोलर उतरवायचे, बेअरिंगं धुवायची, ग्रीस भरायचं आणि पुढच्या हंगामात उसाची पहिली मोळी पडेपर्यंत एकेक नट हातानं तपासायचा. हाताखालची माणसं मला पाठीमागं किरकिऱ्या म्हणायची. बायको तोंडावर म्हणायची, "ह्यांना माणसापेक्षा नट जास्त कळत्यात." मला ती स्तुती वाटायची.

निवृत्तीनंतर आम्ही शहागडच्या बाहेर, हायवेला लागून घेतलेल्या प्लॉटवर दोन खोल्या बांधल्या. शहागड तिचं माहेर. माझं गाव तिकडं भोकरदनकडं, केदारखेडा. खोल्यांच्या शेजारी पत्र्याचं शेड टाकलं आणि त्यात आमची गाडी उभी राहिली. मूळची ती सतरा सीटची मिनीबस, एका शाळेनं वापरून टाकून दिलेली. सीटा मी काढल्या. मागं पलंग बसवला, त्याच्याखाली पाण्याची टाकी, एका बाजूला शेगडी आणि भांड्यांची फळी. पडदे तिनं शिवले. आरटीओत खेटे घालून कागदांवरही ती राहण्याची गाडी करून घेतली. नातेवाईक बघून जायचे आणि हसायचे. चांगलं घर सोडून गाडीत झोपायची ही कसली हौस, असं एकानं विचारलं, तेव्हा मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पहिली सहल अठरा दिवसांची झाली. सोलापूर, विजापूर, बदामी आणि मग घाट उतरून गोकर्ण. त्या अठरा दिवसांत मी रस्ता कमी आणि बायकोला जास्त बघितलं. केदारखेड्याच्या भरल्या घरात ती धाकटी सून म्हणून आली होती. डोक्यावर पदर, मोठ्यांसमोर आवाज नाही, पुरुषांची पंगत उठल्याशिवाय जेवण नाही. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायला आलो तरी यातलं काही सुटलं नव्हतं. कॉलनीतही आमच्याकडची माणसं होतीच. सोलापूर मागं पडलं आणि तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला. बदामीला तळ्याच्या काठी गाडी लावली, तिनं दारातच शेगडी मांडली आणि पहिली गरम भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. "आधी मी खाते, मंग तुमचं थापते," म्हणाली आणि मोठ्यानं हसली. इतक्या वर्षांत मला तिचं ते हसणं माहीत नव्हतं. मला तेव्हा थोडी लाजही वाटली, की हे बाहेर यायला शाळेची मोडकी बस लागली.

परतल्यावर तिनंच पुढचं ठरवलं. नर्मदेच्या काठाकाठानं अमरकंटकपर्यंत जायचं. तिचं बालपण गोदावरी बघत गेलेलं. "नदी इथं एवढी मोठी असती. जिथून निघती तिथं ती केवढी असती, ते बघायचंय मला," एवढंच तिचं म्हणणं. देवदर्शन वगैरे मी मनात जोडलं, तिनं नाही. दिवाळीनंतर निघायचं ठरलं. निघायला आठ दिवस होते आणि केदारखेड्याहून फोन आला, आई गेली.

आई नव्वदीच्या घरातली होती, खाऊनपिऊन, झोपेत गेली. तिचं दुःख झालं, पण ते सोसवणारं दुःख होतं. प्रश्न पुढच्या वर्षाचा होता. आमच्याकडं आईबाप गेले की मुलांनी वर्ष पाळायचं. सण करायचा नाही, गोडाचं करायचं नाही, लग्नाकार्यात पुढं व्हायचं नाही, आणि हौसेनं फिरायला तर मुळीच जायचं नाही. वर्षश्राद्ध झालं की मोकळं. माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, आता घरातले वडीलधारे झाले होते. त्यांनी दाढी काढणंसुद्धा महिनाभर लांबवलं होतं. त्यांच्यासमोर सहलीचं नाव काढायची माझी काय बिशाद. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "एक वर्ष. समज, ऑफ सीझन आहे."

ती म्हणाली, "गाडी म्हंजे घरच हाय ना आपलं? मंग घरातून घरात जायला कसलं वर्ष?"

मी हसलो आणि विषय टाळला. आज मला वाटतं, यापेक्षा शहाणं वाक्य आमच्या घरात कुणी बोललं नसेल.

मग मी गाडीच्या मागं लागलो. पाण्याची टाकी रिकामी करून वाळवली. डिझेलची काठोकाठ भरून ठेवली, कारण रिकाम्या टाकीत ओल धरते. फ्रिजच्या दारात फडकं अडकवलं, म्हणजे ते उघडं राहील आणि आत वास धरणार नाही. वायपर काचेवरून उचलून ठेवले. उंदीर शिरू नयेत म्हणून पाइपांच्या भोकांत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली. खणांत कडुलिंबाचा पाला ठेवला. हॅन्डब्रेक लावून गाडी फार दिवस ठेवली तर ब्रेक धरून बसतो, म्हणून तो सोडून चाकांना दगड लावले. आणि दर रविवारी सकाळी बॅटरीची वायर जोडून वीस मिनिटं इंजिन चालू ठेवायचो. शेवटी गाडी सहा फूट पुढं घ्यायची, सहा फूट मागं. टायर एकाच जागी दबून बसू नये, एवढ्यासाठी.

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपासून ती माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसायला लागली. दार ओढून घ्यायची, काचा लावायची, आणि मग पदर खाली. इंजिन चालू असायचं, समोर शेडचा पत्रा दिसायचा. मी गाडी सहा फूट पुढं घेतली की म्हणायची, "आलं का सिल्लोड?" पुढच्या रविवारी, "आज बुऱ्हाणपूर. जिलेबी बघा इथली." तिनं पुण्याला असलेल्या आमच्या मुलीकडून फोनवर नकाशा समजून घेतला होता आणि कुठल्या गावानंतर कुठलं येतं ते तिला पाठ होतं. खंडवा झालं, ओंकारेश्वर झालं. मी तिची चेष्टा करायचो, की या वेगानं गेलो तर गाडी भंगारात जाईल. ती म्हणायची, "जाऊ द्या. तवर मी तर बघून येईन."

चैत्रात तिचं जेवण तुटलं. उन्हाचं असेल म्हणून आम्ही दोघंही गप्प बसलो. मग पोट फुगायला लागलं, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. गाठ निघाली, आणि ती पोटात सगळीकडं पसरलेली. ऑपरेशन होणार नाही, औषधानं थोडं आवरेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. औषधाच्या तीन फेऱ्या झाल्या. तिचे केस गेले आणि त्यावर ती पदर इतका घट्ट घ्यायला लागली की मला बघवत नव्हतं. पण आषाढात ती खरंच सुधारली. चालायला लागली, भाकरी खायला लागली. त्या वेळी डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघून बोलल्या, तिच्यासमोरच. "आता दोनेक महिने ह्या बऱ्या राहतील. त्यापुढचं मी सांगू शकत नाही. कुठं जायचं मनात असेल तर आत्ता जाऊन या."

दवाखान्याच्या बाहेर रिक्षाची वाट बघताना ती म्हणाली, "ऐकलं ना?"

मी ऐकलं होतं. वर्ष व्हायला अजून चार महिने होते.

घरी आल्यावर तिनं गाडीत डबे भरायला घेतले. हळद, तिखट, मीठ, शेंगदाण्याचं कूट. मी बाहेर चाकाजवळ बसून उगाच हवा तपासत होतो. निघावं असं मला वाटत नव्हतं, असं नाही. पण गाडी गेटाबाहेर काढली की अख्खा हायवे बघणार. शहागडच्या फाट्यावर आमच्याकडची ट्रकवाली माणसं रोज चहाला थांबतात. आईला वर्ष झालं नाही आणि हा बायकोला घेऊन फिरायला निघाला, हे बोलणं संध्याकाळपर्यंत केदारखेड्यात पोचलं असतं. दादांनी मान खाली घातली असती. मला त्या न घडलेल्या गोष्टीची भीती वाटत होती. घरात खरोखर घडत होतं ते मी बघत नव्हतो.

तिनं एकदाच हट्ट धरला. "अहो, दादांना एकदा इचारा तरी. ते काय राक्षस हैत का? म्हणावं, अशी अशी बिमार हाय, डॉक्टर जाऊन या म्हणून राह्यले."

विचारणं. तिला वाटलं तेवढं ते सोपं नव्हतं. आमच्यात थोरल्या भावाला असं काही विचारत नाहीत. विचारलं म्हणजेच तुमच्या मनात ते आलं, आणि मनात आलं हेच मोठं पाप. मी दोनदा फोन हातात घेतला. दोन्ही वेळा सोयाबीन कसं आहे, पाऊस किती झाला, एवढंच बोललो. आणि तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विषय काढला तेव्हा मी म्हणालो, "विचारलं मी. दादा म्हणले, वर्ष होऊ द्या."

मी तिच्याशी खोटं बोललो. आयुष्यात लहानसहान पुष्कळ बोललो असेन, पण मोठं म्हणावं असं हे एकच. इतकं सहज तोंडातून गेलं की मलाच ते खरं वाटलं.

ती थोडा वेळ डब्याचं झाकण लावत राहिली. मग म्हणाली, "भायाच न्हाई म्हणले तर मंग राह्यलंच." नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भाया, आणि भायाशी आमच्या बायका बोलत नाहीत. समोर येत नाहीत, आलंच तर पदर पुढं ओढून भिंतीला धरून जातात. तेहतीस वर्षांत ती दादांशी एक शब्द थेट बोलली नव्हती, आणि दादाही जे सांगायचं ते माझ्यामार्फत सांगायचे. माझं खोटं उघडं पडायला वाटच नव्हती. हेही मला त्या क्षणी माहीत होतं.

पुढच्या रविवारी ती गाडीत येऊन बसली. दार लावलं, काचा लावल्या. पदर डोक्यावरच राहिला. मी गाडी पुढं घेतली आणि मीच म्हणालो, "जबलपूर आलं बघ." ती "हं" म्हणाली. त्यानंतर ती रविवारी गाडीत आली नाही. मी एकटाच वीस मिनिटं इंजिन चालवायचो, सहा फूट पुढं, सहा फूट मागं, आणि ती ओट्यावर बसून भाजी निवडायची. एकदा मी चिडलो. म्हटलं, "तुझ्यासाठीच तयार ठेवतोय ना सगळं? वर्ष झालं की दुसऱ्या दिवशी निघू." तिनं माझ्याकडं बघितलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला माझी कीव आली होती.

श्रावणात दादा तिला बघायला आले. ते पुढच्या खोलीत खुर्चीवर, ती आतल्या खोलीत दाराआड. मधे मी, दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडं पोचवायला.

"बरं वाटून राह्यलं का म्हणावं," दादा म्हणाले.

"बरं हाय म्हणावं," ती आतून म्हणाली.

दादा बराच वेळ बसले. दोन-तीनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसतं खाकरले. मला धास्ती होती, की बोलता बोलता सहलीचा विषय निघेल. निघाला नाही. जाताना त्यांनी उंबऱ्याकडं बघून हात जोडले आणि बस धरायला गेले. दार लोटताना ती म्हणाली, "भल्या माणसासारखं तोंड हाय त्यांचं. आन् एवढं कठोर कसं बोलवलं असंल?" मी पाणी प्यायला आत गेलो.

भादव्यात तिच्या पोटात पुन्हा पाणी भरलं. आश्विनात, नवरात्र संपायच्या आत, ती गेली. शेवटच्या चार दिवसांत तिनं नर्मदेचं नाव काढलं नाही, गाडीचं काढलं नाही, माझ्याबद्दल तक्रार केली नाही. मुलीला फक्त सांगितलं, की ह्यांना तिखट कमी घालत जा. मला अजून वाटतं, तिनं मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या.

तेराव्यानंतर मुलगी पुण्याला गेली. तिची नोकरी होती, लेकरं होती. दादा मात्र राहिले. मला एकट्याला सोडून जायला त्यांचा पाय निघेना. दोघं म्हातारे समोरासमोर बसून चहा प्यायचो आणि पेपर वाचायचो. असे दिवस जाता जाता आईचं वर्षश्राद्ध उद्यावर आलं. केदारखेड्याला जायचं होतं. मी बसचं वेळापत्रक विचारायला निघालो तर दादा शेडकडं बघत म्हणाले, "बसनं काहून? तुझी गाडी तयार हाय की."

मी म्हणालो, "दादा, आता कसं? तिला महिनाही झाला नाही. लोक काय म्हणतील, ही सहलीची गाडी घेऊन..."

"कोण काय म्हणतंय?" दादा म्हणाले. आणि मग जरा थांबून, शेडचा खांब धरून, "मी श्रावणात आल्तो, तव्हा हेच सांगायला आल्तो. की बाबा, हिला फिरवून आण. मायचं वर्ष मी पाळून राह्यलो ना, मंग बस झालं. बिमार माणसाला कसलं वर्ष? पण मंग म्हणलं, नवरा-बायकोच्या मधात आपुन काहून तोंड घालावं. तुझ्या मनात असतं तर तू इचारलंच असतं."

मी खाली वाकून चाकाजवळचा दगड हलवून बघितला.

"न्हाई का?" दादांनी पुन्हा विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मग मी चाकांचे दगड काढले. बॅटरी जोडली. इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं. वर्षभर मी त्याची एवढी निगा राखली होती, त्याला बिघडायचं काही कारणच नव्हतं. त्या आवाजाचा मला इतका संताप आला की मी बॉनेटवर मूठ आपटली. दादा दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, "ती कुठं बसायची?" मी शेजारची सीट दाखवली. तेव्हा ते तिथं बसले नाहीत. भावजयीच्या जागेवर भाया बसत नाही. वळसा घालून मागं गेले आणि पलंगाच्या कडेवर हात टेकवून बसले.

गेटाबाहेर गाडी निघाली. फाट्यावर ट्रकवाले होते, आमच्याकडचे दोघे-तिघे तर ओळखीचे. एकानं हात वर केला, मी हॉर्न दिला, झालं. अंबड गेलं, जालना गेलं. राजूरच्या अलीकडं दादांना चहा हवा होता म्हणून टपरीवर थांबलो. तिथं केदारखेड्याची चार माणसं भेटली, भावकीतलीच. उठून जवळ आली. माझ्या खांद्यावर हात ठेवले, बायकोबद्दल वाईट झालं म्हणाली. मग गाडीभोवती फिरून आली, खिडकीतून आत डोकावली. मी कप हातात धरून उभा होतो आणि वाट बघत होतो, की आता कुणीतरी म्हणेल. वर्षभर मी ज्याला घाबरलो ते आता कुणीतरी म्हणेल.

त्यातल्या एका म्हाताऱ्यानं टायरला काठी लावून बघितली आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देती हो?"

मी सांगितलं, दहाचं देते.